घरगुती इलेक्ट्रिक तंदूर: कोळंबीच्या सळ्यांसाठी घ्यावा का?

तंदूर विकताना दुकानदार पनीर टिक्का, तंगडी आणि नान यांचे फोटो पुढे करतो. खोक्यावरही तेच छापलेले असतात. कोळंबी क्वचितच दिसते, आणि या यंत्राला खऱ्या अर्थाने जमणारा पदार्थ नेमका तोच आहे. नान यात फुगण्याआधी वाळते. तंगडी बाहेरून काळी पडली तरी हाडाशी गुलाबी राहते. मोठी कोळंबी मात्र सात-आठ मिनिटांत आतून शिजते आणि तेवढ्यात वरून खरपूसही होते. अट एकच: सळईवर जाताना ती कोरडी हवी. या यंत्राबद्दलच्या बहुतेक तक्रारी ("उकडल्यासारखी लागते", "मसाला गळून पडला", "रंगच आला नाही") पाण्याच्या आहेत, यंत्राच्या नाहीत.

यंत्र म्हणजे ॲल्युमिनियमचा एक डबा. वरच्या बाजूला एलिमेंट, काही मॉडेलांत खालीही एक, तळाशी सरकणारा ट्रे, पुढे सळ्या अडकवायच्या खाचा. चार ते सहा सळ्या, जाळी, हातमोजे, पिझ्झा कापायचं चाक आणि पाककृतींची पुस्तिका सोबत येते. दोन-अडीच हजारांपासून पाच हजारांपर्यंत ही यंत्रं मिळतात. किमतीतला फरक बराचसा आकाराचा आणि काचेच्या दाराचा असतो. काचेचं दार चैन वाटते, पण कोळंबीसाठी ते कामाचं आहे, कारण दर मिनिटाला दार उघडून बघितलं की आतली उष्णता निघून जाते.

घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, एलिमेंट कसं आहे. उघडी स्प्रिंगसारखी कॉइल दिसत असेल तर घेऊ नका. लोखंडी सळई हातात धरून उघड्या कॉइलजवळ नेणं म्हणजे शॉकला आमंत्रण. धातूच्या नळीत बंद केलेलं एलिमेंटच हवं, आणि त्यातही सळ्या घालता-काढताना बटण बंद करायची सवय लावून घ्या. दुसरी, वॉट. १५०० च्या खालचं यंत्र कोळंबी भाजत नाही, तापवत ठेवतं. २००० वॉटचं घ्या. तिसरी गोष्ट घरात तपासायची आहे, दुकानात नाही: सॉकेट. २००० वॉटला २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर लागतात. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून हा तंदूर चालवला की प्लग वितळतो. गीझर किंवा एसीसाठी असतं तसं १६ अँपिअरचं, अर्थिंग असलेलं सॉकेट ओट्याजवळ नसेल तर आधी वायरमनला बोलवा, तंदूर नंतर.

थर्मोस्टॅट बहुतेक स्वस्त मॉडेलांत नसतो. चालू आणि बंद, एवढंच. कोळंबीसाठी त्याने फारसं अडत नाही, कारण इथे पूर्ण आचच लागते.

आता पाण्याचं गणित. मातीचा तंदूर साडेतीनशे अंशांच्या वर सहज जातो, त्यात थोडं ओलं असलं तरी खपून जातं. हा डबा रिकामा तापला तर अडीचशे अंशांच्या आसपास, आणि दार उघडून सळ्या ठेवल्या की आणखी खाली येतो. १०० ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला २००० वॉटची सगळी उष्णता जवळपास दोन मिनिटं खर्ची पडते, आणि सगळी उष्णता काही पाण्याकडे जात नाही. म्हणजे मसाल्यात, दह्यात, कोळंबीच्या अंगावर मिळून १०० ग्रॅम जादा पाणी असेल तर आठातली तीन-चार मिनिटं नुसतं पाणी उडवण्यात जातात. तोवर कोळंबी वाफेवर शिजलेली असते. मग रंग यावा म्हणून अजून पाच मिनिटं ठेवली की ती वातड होते. कोळंबीचं मांस साठ अंशांच्या थोडं वर गेलं की शिजलेलं असतं. त्यापुढचं प्रत्येक मिनिट तिच्यातला रस बाहेर काढतं.

म्हणून तयारी बाजारातच सुरू होते. सोललेली, गोठवलेली पाकिटातली कोळंबी या यंत्रासाठी सगळ्यात वाईट. तिच्यावर बर्फाचा थर असतो, आणि बऱ्याचदा वजन टिकावं म्हणून फॉस्फेटच्या पाण्यात बुडवलेली असते; भाजताना ते सगळं पाणी ट्रेमध्ये येतं. नाइलाजच असेल तर आदल्या रात्री चाळणीत घालून, खाली भांडं ठेवून, फ्रिजमध्ये वितळू द्या. गरम पाण्यात कधीच नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या दिवसांत बाजारात येते ती मुख्यतः तलावात वाढवलेली वेनामी. भारतात तिची व्यावसायिक शेती २००९ पासून सुरू झाली आणि आज शहरांत दिसणारी बरीचशी पांढुरकी, एकसारख्या आकाराची कोळंबी तीच आहे. सळ्यांसाठी ती उत्तम. आकार सारखा असल्याने सगळे नग एकाच वेळी शिजतात. टायगर मिळाली तर मांस अधिक घट्ट, पण एका सळईवर लहान-मोठी मिसळू नका. करंदीच्या वाटेला जाऊ नका, तिची जागा भजीत.

आकार: डोक्यासकट किलोला २५ ते ३५ बसतील अशी. यापेक्षा लहान असेल तर रंग येण्याआधीच शिजून जाते. डोकं, कवच, धागा काढल्यावर किलोमागे साधारण निम्मं वजन हातात राहतं, म्हणजे खाली दिलेलं ५०० ग्रॅमचं प्रमाण एक किलो खरेदीचं आहे. डोकं धडाला घट्ट चिकटलेलं असावं, लोंबतं नसावं. कवचावर काळे डाग आणि अमोनियाचा उग्र वास असेल तर भाव किती का पाडून मिळेना, सोडून द्या.

कोळीणताई साफ करून देतात, पण गर्दीच्या वेळी पाठीतला काळा धागा राहून जातो. तो घरी बघाच. शेपटीचं शेवटचं कवच ठेवा, बाकी सगळं काढा, पाठीवर अर्धा सेंटिमीटर खोल चीर द्या आणि धागा ओढा. त्याहून खोल चीर दिली तर कोळंबी पुस्तकासारखी उघडते, कडा वाळतात आणि सळईवर टिकत नाही. धुतल्यावर चाळणीत दहा मिनिटं, मग सुती पंचावर एका थरात पसरून वरून दुसरा पंचा दाबा. पंचा ओला झाला की बदला. हे काम कंटाळवाणं आहे, आणि या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

मसाला दोनदा लावायचा. पहिल्या हातात ५०० ग्रॅम साफ कोळंबीला एक छोटा चमचा मीठ, दोन छोटे चमचे लिंबाचा रस, पाव चमचा हळद, एक छोटा चमचा काश्मिरी मिरचीपूड आणि एक मोठा चमचा लसूण-आल्याचं वाटण. वाटणात लसूण तीन भाग, आलं एक भाग. वाटताना पाणी घालू नका. पंधरा मिनिटं, जास्त नाही. मीठ पाणी ओढून काढतं, ते वाटीच्या तळाशी जमतं. ते फेकून द्या. चव वाया गेल्यासारखं वाटतं, पण हेच पाणी पुढे मसाला गळवतं.

इथे वेळेबद्दल कडक राहायला हवं. कोंबडीचा हिशोब कोळंबीला लागत नाही. लिंबाच्या आंबटाने कोळंबीचं मांस आगीशिवायच पांढरं आणि घट्ट होऊ लागतं. आल्यात प्रथिनं तोडणारा घटक असतो, त्याने पृष्ठभाग पिठूळ होतो. कच्च्या पपईचा तर विचारही नको. मटणासाठी ती ठीक, कोळंबीचा तासाभरात लगदा होतो.

दुसरा हात चक्क्याचा. सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम दही फडक्यात बांधून तीन-चार तास टांगलं की १०० ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो. बाजारातला श्रीखंडाचा चक्काही चालतो, फक्त फार आंबट नको. नुसतं दही फेटून लावणं ही सर्वांत जास्त केली जाणारी चूक आहे, कारण दह्यातलं पाणी भाजताना सुटतं आणि मसाल्याचे ओघळ ट्रेमध्ये जातात. दोन मोठे चमचे मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवा, कोमट होऊ द्या, त्यात दोन छोटे चमचे काश्मिरी मिरचीपूड घाला. रंग तेलात उतरतो. खाण्याचा लाल रंग टाकायची गरज पडत नाही. मग चक्का, कोरडंच मंद आचेवर खमंग भाजलेलं दीड मोठा चमचा बेसन, अर्धा चमचा हातावर चुरडलेला ओवा, एक छोटा चमचा कसुरी मेथी, अर्धा चमचा गरम मसाला, पाव चमचा काळं मीठ. साधं मीठ पुन्हा घालू नका. मिश्रण चमच्यावरून ओघळता कामा नये, चिकटून राहायला हवं. ओघळत असेल तर अर्धा चमचा बेसन वाढवा. बेसन न भाजता घातलं तर आठ मिनिटांत त्याचा कच्चा वास जात नाही. कोळंबीला हे लावून फ्रिजमध्ये अर्धा तास, फार तर पाऊण तास.

चक्क्याच्या जागी गोव्याकडचा रिशाद मसाला वापरला तर या यंत्रात निकाल आणखी चांगला येतो. सुक्या लाल मिरच्या, लसूण, मिरी, जिरं, लवंग, दालचिनी, थोडी चिंच आणि व्हिनेगर घालून घट्ट वाटलेला हा मसाला मुळातच कमी पाण्याचा. दही नाही, म्हणून गळणं नाही. मात्र त्यात साखर असते आणि ती एलिमेंटखाली पटकन करपते, तेव्हा साखर निम्मी करा आणि व्हिनेगरमुळे मुरवायची वेळ वीस मिनिटांवर आणा. मालवणी घरात आगळ (कोकमाचा रस) आणि मालवणी मसाला लावून भाजायचं ठरवलं तरी हेच: आगळ पातळ असतं, पहिल्या हाताला लावा आणि निथळून टाका.

सोबत येणाऱ्या सळ्या गोल आणि बारीक असतात. त्यांवर कोळंबी गरगर फिरते: सळई उलटली तरी कोळंबी तशीच लोंबत राहते, आणि एकच बाजू भाजली जाते. उपाय दोन. दोन सळ्या बोटभर अंतरावर समांतर धरून त्यांत कोळंबी ओवा, किंवा चपट्या सळ्या वेगळ्या विकत घ्या. ओवताना सळई शेपटीजवळून आणि डोक्याकडच्या जाड टोकातून, अशी दोनदा जायला हवी, म्हणजे कोळंबी इंग्रजी सी अक्षराच्या आकारात अडकते. एका सळईवर पाच-सहा नग, मध्ये बोटाच्या जाडीइतकी फट. चिकटवून ओवल्या तर चिकटलेला भाग वाफेवरच शिजतो. बांबूच्या काड्या वापरायच्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा आणि टोकं एलिमेंटला लागणार नाहीत एवढ्या तोडा. मध्ये कांदा-सिमला मिरची ओवायचा मोह टाळा. भाज्या पाणी सोडतात आणि त्यांना लागणारा वेळ वेगळा.

तंदूर रिकामा दहा-बारा मिनिटं पूर्ण तापवा. पुस्तिकेत पाच लिहिलेली असली तरी. ट्रेमध्ये फॉइल घाला, पण खाली एलिमेंट असलेल्या मॉडेलात ते एलिमेंट फॉइलने झाकू नका. खालची उष्णता अडते आणि एलिमेंट अति तापून जाऊ शकतं. सहा सळ्यांच्या जागा असल्या तरी एका वेळी तीनच लावा. सहा लावल्या की डबा वाफेने भरतो आणि सगळ्या बिघडतात. दार घट्ट बंद करण्याऐवजी पेनाच्या जाडीइतकी फट ठेवली तर वाफ निघून जाते. दार सरकतं नसेल तर तिसऱ्या आणि पाचव्या मिनिटाला क्षणभर उघडा.

पहिली बाजू चार मिनिटं. बटण बंद, सळ्या उलटा, बटण चालू, आणखी तीन मिनिटं. सोबतचे हातमोजे पातळ असतात, जाड सुती फडकं घ्या. मग वितळवलेलं तूप किंवा तेच मोहरीचं तेल ब्रशने लावा आणि शेवटचं एक मिनिट. लोणी लावायची पद्धत हॉटेलात आहे, पण लोण्यात पाणी असतं आणि त्यातला दुधाचा अंश जवळच्या एलिमेंटखाली करपतो. तूप बरं.

शिजली की नाही हे ओळखायची नेहमीची खूण इथे चालत नाही. कढईत कोळंबी सी झाली की तयार आणि पूर्ण गोल वळली की जास्त शिजली, असं समजतात. सळईवर तिला आपणच सी करून ओवलेली असते. रंगावरही जाता येत नाही, मसाला लालच असतो. डोक्याकडच्या जाड टोकाला, पाठीच्या चिरेत बघा: आत काचेसारखं अर्धपारदर्शक काही उरलं नसेल, सगळं दुधाळ पांढरं असेल, तर लगेच काढा. सळईवर ठेवूनच गरम राहू द्यायची नाही. गरम लोखंड आतून शिजवत राहतं. दोन मिनिटांत ताटात काढा.

पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये यंत्राला तीन मिनिटं रिकामं तापू द्या. ५०० ग्रॅमच्या दोन फेऱ्या, आधीचं तापवणं धरून अर्ध्या तासाच्या थोडं वर जातं, म्हणजे साधारण एक युनिट वीज. कोळशापेक्षा हे स्वस्त पडतं.

कोळशाचा वास मात्र या डब्यातून येणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. तो धुरी देऊन आणायचा. भाजलेली कोळंबी पातेल्यात, मध्ये छोटी स्टीलची वाटी, त्यात गॅसवर लाल केलेला सुपारीएवढा निखारा, वर अर्धा चमचा तूप, झाकण. दोन मिनिटं पुरे. पाच ठेवली तर कोळंबी कडू लागते. कोंबडीएवढा धूर तिला झेपत नाही. ही धुरीही खिडकी उघडी ठेवूनच.

खऱ्या निखाऱ्यांची सिगडी चवीत वरचढ आहे, वाद नाही. पण तिला किलोभर चांगला लाकडी कोळसा आणि तो पांढरी राख धरेपर्यंत २५-३० मिनिटं हवीत, आणि गच्ची किंवा अंगण हवं. बंद बाल्कनीत ती पेटवणं कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकतं. घरात वर एलिमेंट असलेला, अडीचशे अंशांपर्यंत जाणारा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आधीच असेल तर हा तंदूर घेऊ नका: सळ्या वरच्या खाचेत, फक्त वरचं एलिमेंट, दार थोडं उघडं, वेळ दोन मिनिटं जास्त, काम तेच. एअर फ्रायर तर वाऱ्याने पृष्ठभाग वाळवतो, त्यामुळे कोळंबीला तो या डब्यापेक्षाही सोपा. २०० अंशांवर सहा-सात मिनिटं, मध्ये एकदा उलटून. त्यात लांब सळ्या मावत नाहीत, बांबूच्या काड्या निम्म्या कराव्या लागतात, आणि एका फेरीत दहा-बारा नगच होतात. गॅसवरच्या खाचांच्या तव्याची शिफारस नाही. सुटलेलं पाणी खाचांत साचतं, मसाला तव्याला राहतो आणि कोळंबी नागडी निघते.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, १६ अँपिअरचं सॉकेट आहे आणि महिन्यातून दोनदा तरी चार-सहा माणसांसाठी भाजायचं असतं, त्यांनी २००० वॉटचा, बंद एलिमेंटचा, काचेच्या दाराचा तंदूर घ्यावा. मोठ्या कुटुंबासाठी घेऊन एका वेळी पंधरा सळ्या निघतील अशी अपेक्षा असेल तर निराशा होईल.

साफसफाईत आळस परवडत नाही. लिंबू आणि चक्क्याचा आंबटपणा ॲल्युमिनियमला डाग पाडतो, आणि रात्रभर राहिलेला कोळंबीचा रस पुढच्या वेळी पनीरलाही वास देतो. ट्रे त्याच रात्री धुवा. डब्याच्या आत पाणी ओतायचं नाही, थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा, मग रिकामा पाच मिनिटं चालवा. एलिमेंटला चिकटलेला मसाला खरवडू नका, त्या पाच मिनिटांत तो जळून जातो. सोबतच्या सळ्यांचा चकचकीत मुलामा काही महिन्यांत उडू लागतो. उडालेला दिसला की त्या टाकून स्टीलच्या चपट्या सळ्या आणा, लांबी घेताना जुनी सळई मापाला सोबत न्या.